‘सगळं तुझ्यासाठीच’

वालीव, सातिवली, गोखिवरे, अगदी पश्चिमेच्या पट्टीतूनही ट्रॅफिक चुकवत आलेल्या माझ्या वसईकर बंधुभगिनींनो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबलेलं प्रास्ताविक आवडत नसे, असं आताच सूत्रसंचालकांनी सांगितलं. ते सांगायला त्यांनी बराच वेळ घेतला. तेव्हा मी सरळ विषयावर येते.

आई किंवा बाबा परदेशी कामाला आहेत आणि मूल इथे आहे, आजीजवळ, मावशीजवळ, एकट्या आईजवळ. त्या मुलाच्या मनात काय चालतं? मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मराठीच्या शिक्षकाला गणिताच्या शिक्षकापेक्षा एक गोष्ट जास्त कळते, कारण त्याच्याकडे निबंधाच्या वह्या येतात. ‘माझे बाबा’ हा निबंध तुम्ही सगळ्यांनी लिहिला असेल. बाबा घरात असलेली मुलं त्यात बाबांच्या घोरण्याबद्दल लिहितात, स्कूटरबद्दल लिहितात, मार खाल्ल्याचंही लिहितात. बाबा बाहेर असलेली मुलं गाइडमधून उतरवतात. माझे बाबा खूप कष्टाळू आहेत. ते आमच्यासाठी कष्ट करतात. मला त्यांचा अभिमान वाटतो. तीन वाक्यं, एकही शुद्धलेखनाची चूक नाही, आणि बाबा कुठेच नाहीत.

आता थोडा हिशेब. परदेशातून भारतात येणाऱ्या पैशाची रिझर्व्ह बँक पाहणी करते. २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा निघाला, २०.५ टक्के. केरळ १९.७ टक्क्यांवर. मुंबईत बँकांचा पसारा आहे, त्यामुळे हा आकडा जपून वाचावा, पण पहिला नंबर तो पहिला नंबर. पैसा कोणत्या देशातून आला, किती रकमेचा होता, कोणत्या मार्गाने आला, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. त्या पैशाच्या मागे किती मुलं आहेत? केरळने १९९८ पासून दर काही वर्षांनी घरोघरी जाऊन स्थलांतराची पाहणी केली. गोव्याने २००८ मध्ये केली. आपल्याकडे अशी सलग परंपरा नाही. पहिल्या नंबरच्या राज्याला आपली मुलं मोजावीशी वाटली नाहीत, एवढंच तूर्त नोंदवून ठेवते.

माझा पहिला मुद्दा. माणसं का जातात हे आपण सगळे सांगू शकतो. मुलं मागे का राहतात, हे कोणी विचारतं का?

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बंदरं, विमानतळ, हॉस्पिटलं उभी राहू लागली आणि आपल्या किनाऱ्यावरची माणसं निघाली. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांतून निघाली, गोव्याच्या सासष्टी-बारदेशातून निघाली, वसईतूनही निघाली. फिटर, वेल्डर, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक, स्वयंपाकी, नर्स. कोणी गल्फला गेलं, कोणी बोटीवर लागलं. गोव्यात तर तारवट्यांची, म्हणजे खलाशांची, घरं पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालली. बापाचा चेहरा दर्यावर, आणि त्याचा फोटो हॉलमध्ये.

शेजारीपाजारी काय म्हणतात? ‘पैशापायी पोरं टाकून गेले.’ हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर ऐकलं आहे! अहो, टाकून कोण जातं? संयुक्त अरब अमिरातीत बायकामुलांना बरोबर ठेवायचं तर पगार निदान चार हजार दिऱ्हम, किंवा तीन हजार आणि राहायची जागा, असा दंडक आहे. लेबर कॅम्पमध्ये बंक बेडवर झोपणारा, हजार-बाराशे दिऱ्हमवर राबणारा माणूस तो दंडक कधी गाठणार? बोटीवर तर प्रश्नच नाही. म्हणजे त्या देशांना हात हवे आहेत. हातांच्या मागे येणारं कुटुंब नको आहे. मुलाला मागे ठेवायचा निर्णय घराच्या उंबऱ्यावर होण्याच्या आधी कुठल्या तरी सरकारी कचेरीत झालेला असतो.

आणि आपलं सरकार? दहावी न झालेल्या बाईला आखातात घरकामाला जायचं तर तिचं वय तीस पूर्ण हवं. तिच्या सुरक्षिततेसाठीच केलेला नियम आहे, हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण जरा विचार करा. दहावीच्या आत शाळा सुटलेली आपल्याकडची बाई तिशीला येते तेव्हा तिच्या पदरी काय असतं? आठ-दहा वर्षांची मुलं असतात! जिच्या मागे कोणी नाही तिला थांबवायचं आणि जिच्या मागे मुलं आहेत तिला सोडायचं, असा त्या नियमाचा हिशेब होऊन बसतो. श्रीलंकेने २०१३ मध्ये उलटा नियम केला. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या आईला घरकामासाठी परदेशी जायला मनाई. तिथेही गंमत बघा, बापाने मागे सोडलेलं पाच वर्षांखालचं मूल त्या नियमाला दिसलंच नाही.

म्हणून पहिली विनंती, ओट्यावरचं ते वाक्य बंद करा. ते मुलाच्या कानावर पडतं.

आता दुसरा मुद्दा. आज मी खरं तर एवढंच सांगायला आले आहे. बाकीचं त्याच्या आगेमागे आहे.

१९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाने एक छोटी फिल्म काढली. दोन वर्षांची मुलगी आठ दिवस हॉस्पिटलात आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आईवडिलांनी भेटायचं ते थोडक्या वेळापुरतं. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी अशी बरीच मुलं पाहिली आणि त्यांना तीन पायऱ्या दिसल्या. आधी मूल आकांत करतं. मग गप्प होतं, कोपऱ्यात बसतं. आणि मग? मग ते हसायला लागतं, खायला लागतं, नर्सच्या मांडीवर जाऊन बसतं, आणि आई आली की तिच्याकडे बघत नाही. हॉस्पिटलवाले म्हणायचे, बघा, रुळलं! रॉबर्टसन म्हणत होते, ही तिसरी पायरी सगळ्यात काळजीची आहे. डॉक्टर मंडळी त्यांच्यावर चिडली. पण १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीनेच सांगितलं की मुलांच्या वॉर्डात आईबापांना भेटीची मोकळीक द्या.

रुळलं. हा शब्द आपल्याकडेही किती समाधानाने वापरतात! ‘पहिला महिना जरा रडली, आता रुळली हो पोर.’ दर वेळी ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. मुलं खरोखर रुळतातही, आजीच्या मायेत वाढतात, उत्तम वाढतात. पण रुळलेलं मूल आणि आशा सोडलेलं मूल बाहेरून सारखंच दिसतं. ओळखायचं कसं? मी शाळेत एकच खूण बघायची. हे मूल कधी चिडतं का? हट्ट करतं का? जे मूल रुसतं, त्याला अजून खात्री आहे की रुसवा काढायला कोणीतरी येईल. जे कधीच रुसत नाही, सगळ्याला ‘चालेल’ म्हणतं, वही हरवली तरी चालेल, सहलीला नाही गेलं तरी चालेल, त्याच्याकडे मी दोनदा बघायची.

आता आपल्या घरांत काय होतं ते बघू. विमान रात्रीचं असतं. आखाताची बरीच विमानं रात्रीचीच. मूल झोपलेलं असतं. मोठी माणसं म्हणतात, उठवू नका, रडेल, पाय निघणार नाही. बाप झोपेतच त्याचा मुका घेतो आणि निघतो. सकाळी मूल उठतं. बाबा कुठे? ‘दुकानात गेलेत.’ दुपारी? ‘येतील.’ चार दिवसांनी फोनवर आवाज येतो.

यात मूल काय शिकतं? बाबा गेले, हे तर शिकतंच. पण झोपलं की माणसं जातात, हेही शिकतं. मग रात्री आजीचा पदर मुठीत धरून झोपणं सुरू होतं, आणि आपण म्हणतो सवय लागली. ज्यांना निघायचं आहे त्यांना माझं सांगणं आहे, मूल जागं असताना निघा. रडू द्या त्याला. आपणही रडलात तर बिघडत नाही. रडून दिलेला निरोप मूल पचवू शकतं. न दिलेला निरोप ते वर्षानुवर्षं शोधत राहतं.

आणि मग येतं ते वाक्य, ज्याचं नाव या व्याख्यानाला दिलं आहे. ‘बाळा, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय.’

यात खोटं काय आहे? काहीच नाही. फी त्यातूनच जाते, घराचा स्लॅब त्यातूनच पडतो, आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातूनच होतं. प्रेमाने म्हटलेलं, खरं वाक्य आहे. पण मुलाच्या जागी बसून ऐका. माझ्यासाठी गेलेत. म्हणजे मी नसतो तर गेले नसते. म्हणजे आई रात्री एकटी रडते ती माझ्यामुळे. म्हणजे मी आता तक्रार करायची नाही. केली तर मी कृतघ्न.

या वाक्याने मुलाचं रुसणं काढून घेतलं जातं. आणि माझं म्हणणं असं, की अंतरापेक्षाही हे रुसणं काढून घेतलं जाणं मुलाला जास्त लागतं. बाप दूर आहे याचं दुःख आहेच. पण बाप दूर आहे आणि त्याबद्दल वाईटसुद्धा वाटून घ्यायचं नाही, हे दुहेरी दुःख आहे. इतर मुलगा नापास झाला तर त्याला बापाचा राग दिसतो. राग चार दिवसांत उतरतो. या मुलाला मात्र बापाचं उन्हातलं अख्खं वर्ष वाया गेलेलं दिसतं. ते कसं उतरावं?

मग दोन्हीकडून लपवालपवी चालू होते. आखातात उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरचं काम कायद्याने बंद ठेवावं लागतं, एवढं तिथलं ऊन. बाप फोनवर सांगतो, ‘एकदम मजेत, एसी आहे.’ पगार दोन महिने लांबलेला, सांगत नाही. इकडे मुलाला ताप आहे, आजी सांगते, ‘बोलताना खोकू नको हं, काळजी करतील.’ मूल म्हणतं, ‘बरं आहे बाबा.’ दोन्हीकडे माया आहे, आणि मायेपोटीच दोन्हीकडे खोटं. पूर्वी एअरमेलच्या निळ्या पत्रात असं खोटं लिहायला वेळ लागायचा. एसटीडी बूथवर मीटर पळत असायचा, खोटं थोडक्यात आटपायचं. आता व्हिडिओ कॉलवर रोज रात्री, चेहऱ्यासकट, हसून बोलावं लागतं.

मोबाइलमुळे हा प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटतं. मोबाइल मोठी सोय आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. मस्कतला बसलेली आई इथला गृहपाठ बघते, ही काय साधी गोष्ट आहे? पण बघा, त्या कॉलवर बहुतेक चौकशीच चालते. जेवलास का, अभ्यास केलास का, आजीला त्रास देत नाहीस ना. घरात असलेला बाप तासन्‌तास काहीच बोलत नाही. पेपर वाचत पडलेला असतो, आणि मूल त्याच्या पोटावर डोकं टेकून टीव्ही बघतं. ते काहीच न बोलणं फोनवर होत नाही. काही घरांनी यावर उपाय काढले आहेत. कॉल चालू ठेवून दोघं आपापलं जेवतात, बोलायचं बंधन नाही. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

आणि मग बाप सुट्टीवर येतो.

आपल्या कथा-सिनेमांत हा आनंदाचा प्रसंग. आहेच. बॅगा उघडतात, चॉकलेटं, परफ्यूम, कोणासाठी काय. पण पहिला आठवडा सरला की काय होतं? तीन वर्षांचं पोर आजीच्या मागे लपतं, या काकांना घरी जायला सांग म्हणतं. बापाच्या काळजात काय होत असेल! दहा वर्षांच्या मुलाचं वेगळंच. तो दोन वर्षं घराचा पुरुष होता. गॅसचं सिलिंडर त्याने लावलं, आईबरोबर बँकेत तो गेला. आता एक माणूस येऊन सांगतो, मोबाइल ठेव, केस काप, अभ्यासाला बस. अधिकार बापाचाच, पण त्याला आधी सवयीचा पाया लागतो, आणि बापाकडे सुट्टी असते जेमतेम महिना-दोन महिने. त्यातही घराला रंग काढायचा, दोन लग्नं, जमिनीचं काम, तालुक्याच्या कचेरीत फेऱ्या. मुलाच्या वाट्याला बाप येतो तो बाइकच्या मागच्या सीटवरून दिसणारी पाठ म्हणून. नीट जमायला लागतं तोवर परत निघायचा दिवस. आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून.

बोटीवरच्या घरांत मला एक फरक नेहमी दिसला. तिथे तारीख असते. साइन ऑन, साइन ऑफ. आंतरराष्ट्रीय करारानेच खलाशाला सलग बारा महिने जहाजावर ठेवता येत नाही. त्या घरची मुलं कॅलेंडरवर फुल्या मारतात. चिडतात, रडतात, पण मोजतात. गल्फच्या घरात तारीख हलते. कफील, म्हणजे तिथला मालक, सोडत नाही, बदली माणूस आला नाही, तिकीट महाग झालं. ‘नाताळला येतो’चं ईस्टर होतं, ‘गणपतीला येतो’चं दिवाळी होतं. मुलाला लांबचा पल्ला चालतो. हलता पल्ला चालत नाही.

आणि तारीखच नाहीशी झाली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, आणि अम्मानमार्गे एअर इंडियाच्या ४८८ उड्डाणांनी लाखाहून जास्त भारतीय परत आले. तोवर घरांत दिवसेंदिवस खबर नव्हती. ‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’ जहाजावरचे सात भारतीय खलाशी सोमाली चाच्यांनी खंडणी घेऊनही सोडले नाहीत. २०१० मध्ये पकडलेली माणसं २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुटली. चार वर्षांत पहिलीतलं मूल पाचवीत जातं. करोनात तर जगभर चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते. या काळात मुलांना काय सांगितलं गेलं? बहुतेक घरांत, काहीच नाही. आणि न सांगितलेल्या जागी मूल स्वतःची गोष्ट रचतं, ती खऱ्यापेक्षा भयंकर असते.

आई गेली तर? मग घरातली थोरली मुलगी आई होते. फिलिपिन्समध्ये तर आयांची मोठी संख्या परदेशी आहे. तिथे रेसेल पारेन्यास या अभ्यासक बाईंनी दाखवलं की आई गेल्यावर घरी राहिलेला बाप क्वचितच तिची कामं उचलतो. ती मावशीकडे, आजीकडे आणि थोरल्या मुलीकडे जातात. आणि मुलांची नाराजीही गेलेल्या बापावर कमी, गेलेल्या आईवर जास्त. ती रोज फोन करत असली तरी. का? कारण बापाने पैसे पाठवले की तो बाप म्हणून पास. आईने पैसे पाठवले, फोन केला, वाढदिवसाचा केक ऑनलाइन मागवला, तरी ती काठावर. हा निकाल मुलं घरातूनच शिकतात, आपल्याकडून.

थोडं मागे जाते. विषयांतर वाटेल, पण आहे आपल्याच घरातलं. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत गेल्या आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायला तिथेच राहिल्या. मनोरमेला इंग्लंडला, वांटेजच्या जोगिणींकडे परत पाठवलं. पोर पाच वर्षांची. रमाबाईंचा पत्रव्यवहार साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापला आहे. मुलीला कसं वाढवायचं, कोणता धर्म कसा शिकवायचा, यावरून समुद्रापलीकडून भांडणारी आई त्यात दिसते. १८८९ मध्ये रमाबाईंनी विधवांची ती शाळा, शारदा सदन, उघडली. मनोरमा पुढे आईच्याच कामात उभी राहिली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. आपण रमाबाईंची थोरवी सांगतो, सांगायलाच हवी. त्यांच्यावर ‘मुलीला सोडलं’ असा ठपकाही ठेवला जातो. विलायतेला गेलेल्या पुरुषांवर असा ठपका ठेवलेला कोणी ऐकलाय? आणि या थोरवी-ठपक्याच्या वादात, पाच वर्षांच्या मनोरमेला परक्या थंडीत काय वाटलं असेल, हा प्रश्न दोन्ही बाजू विसरतात.

आता अभ्यासक काय म्हणतात ते सांगते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या १११ अभ्यासांची एकत्रित छाननी आली. आईबाप कामासाठी दूर गेलेल्या मुलांत, इतर मुलांच्या तुलनेत, नैराश्याचा धोका सुमारे ५२ टक्क्यांनी जास्त आणि चिंतेचा सुमारे ८५ टक्क्यांनी जास्त. यातले ९१ अभ्यास एकट्या चीनचे होते, म्हणजे हे जसंच्या तसं वसईला लावू नका. आणि घाबरूनही जाऊ नका. आग्नेय आशियातल्या चार देशांत एक मोठी पाहणी झाली. तिथे इंडोनेशिया आणि थायलंडमध्ये बाप परदेशी असलेल्या मुलांची मानसिक स्थिती जास्त बिघडलेली दिसली, व्हिएतनाम आणि फिलिपिन्समध्ये तसा फरक आढळला नाही. म्हणजे नुकसान अटळ नाही. मागे काय आहे, त्यावर अवलंबून आहे. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: मुलाला सांभाळणाऱ्या माणसाचं मन ठीक नसेल, तर मुलाचंही बिघडण्याचा धोका जास्त.

म्हणजे आजी. आजीचा विचार कोण करतं? तिला साठीनंतर दुसऱ्यांदा आई व्हायला लावलं आहे. पैसे येतात ते मुलाच्या नाहीतर सुनेच्या खात्यात. पोराला शाळेतून बोलावणं आलं की जाते ती. रागावली तर ‘आमचं पोर आहे’ असं फोनवरून ऐकते, लाड केले तर ‘बिघडवलंत’. आणि हे लक्षात घ्या, परदेशी गेला आहे तो तिचाही मुलगा आहे. ती स्वतःच मागे राहिलेली आहे. तिच्या गुडघ्याचं औषध, तिचं आठवड्यातून एकदा घराबाहेर पडणं, तिच्या हातात चार पैसे आणि पोराबाबतचा शेवटचा शब्द, हे सगळं पोराच्याच मनाच्या आरोग्याचं आहे.

इथवरचं थोडक्यात: मुलं मागे राहतात ती नियमांमुळे, आईबापांच्या निष्ठुरपणामुळे नव्हे. अंतराइतकंच त्यांना न सांगणं लागतं, आणि रुसायची बंदी त्याहूनही जास्त लागते. आणि जे सांभाळतात त्यांना कोणी सांभाळत नाही. आता माझा शेवटचा मुद्दा, आणि तो वालीवचा आहे.

एवढा वेळ आपण वसईकर म्हणून, पाठवणारे म्हणून ऐकत होतो. आता या सभागृहाबाहेर पडा आणि हायवेकडे बघा. वालीवचे गाळे, सातिवलीचे, गोखिवऱ्याचे. प्लॅस्टिक मोल्डिंग, फॅब्रिकेशन, पॅकिंग. मशीनवर कोण उभं आहे? आझमगडचा, जौनपूरचा, दरभंग्याचा माणूस. एका खोलीत सहा-आठ जण, पाळीपाळीने झोपणारे. संध्याकाळी नाक्यावर मोबाइल कानाला लावून तो काय म्हणतो? भोजपुरीत, मैथिलीत म्हणतो, पण म्हणतो तेच: सगळं तुझ्यासाठीच. मंडळी, वालीव हे कोणाचं तरी दुबई आहे. आपण इथे कफील आहोत.

त्याच्यासाठी व्हिसाचा दंडक नाही, देश आपलाच आहे. पण इथल्या खोलीचं भाडं, मुलाचा शाळाप्रवेश, भाषा, हा दंडक चार हजार दिऱ्हमपेक्षा सोपा आहे का? मे २०२० मध्ये वसई रोडवरून श्रमिक गाड्या सुटल्या, सनसिटीच्या मैदानावर माणसं उन्हात ताटकळत बसली. त्या वेळी तिकडे गावाकडे किती मुलं दारात बसून असतील! आणि लांब कशाला, आपल्याच पालघर जिल्ह्यातून, जव्हार-मोखाड्यातून, दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर येतात. काही मुलं बरोबर येतात आणि त्यांची शाळा बुडते, काही म्हाताऱ्यांजवळ नाहीतर आश्रमशाळेत राहतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी महाराष्ट्राने साखरशाळा काढल्या, हंगामी वसतिगृहं काढली. कुठे चालली, कुठे कागदावर राहिली. पण निदान त्या मुलांना नाव तरी मिळालं.

पुढे हे वाढणारच आहे. २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवायचा करार केला. चांगली गोष्ट आहे. जर्मन भाषेच्या वर्गांबद्दल मी पुष्कळ ऐकलं, मागे राहणाऱ्या मुलांबद्दल कोणी काही बोललेलं माझ्या कानावर आलेलं नाही.

इथे काही शाळांचे मुख्याध्यापक आहेत, म्हणून हे सांगते. तुमच्या प्रवेशअर्जात आईचं नाव आहे, वडिलांचं नाव आहे. मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहतं, हा रकाना घाला, आणि त्या माणसाला पालकसभेत पालक म्हणून बसवा, ‘आजी, जरा मुलाच्या आईशी बोलणं करून द्या’ असं म्हणून बाजूला करू नका. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, सौदी-कुवेतचं अडीच तास मागे आणि सौदी-कुवेतची सुट्टी शुक्रवारी. वर्षातली एक पालकसभा शुक्रवारी संध्याकाळी फोनवरून घ्या. बघा किती बाप येतात. वर्गात मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आणि १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या, पाढ्यांबरोबर. आणि मराठीच्या शिक्षकांनो, ‘माझे बाबा’ ऐवजी कधी तरी ‘मला आलेला राग’ हा विषय द्या. मार्क देऊ नका. फक्त वाचा.

आता गाळेवाले. पहिल्या दोन रांगांत बरेच दिसताहेत, या कार्यक्रमाला त्यांनी हातभारही लावला आहे, त्यामुळे जरा धीर करून बोलते. तुमच्या कामगाराला छठला, ईदला, होळीला गावी जायचं असतं. तुम्ही सुट्टी देता, नाही असं नाही. पण कधी देता? ‘ऑर्डर संपली की बघू.’ रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि गोरखपूर-दरभंग्याच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. तुम्ही पंधरा दिवस आधी हो म्हणता तेव्हा त्याच्या हातात जनरलच्या डब्यातली उभी जागा उरते, आणि बरेच जण मग बेतच रद्द करतात. तिकडे एका मुलाने कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केलेली असते. दोन महिने आधी, लेखी, तारीख द्या. ऑर्डर अडली तर ओव्हरटाइम दुसऱ्याला द्या, पण ती तारीख हलवू नका. याला पैसे लागत नाहीत.